तीच वाटी, तशीच वाटी

आईच्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक भांड्यावर नाव कोरलेलं आहे. पूर्वी भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस टर्रर्र वाजणारं यंत्र घेऊन बसायचा आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव, तारीख, निमित्त असं सगळं कोरून द्यायचा. त्यामुळे आमच्याकडे कुणाच्या तरी मुंजीच्या पातेल्यात वरण शिजतं आणि कुणाच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या डब्यात रवा असतो. लहानपणी मला हा खटाटोप कळायचा नाही. पातेल्याला नाव कशाला? ते काय हाक मारल्यावर येणार आहे?

उलगडा गेल्या वर्षी झाला. शेजारच्या काकूंनी आमची वाटी परत केली. स्टीलची, काठाला एक रेघ, बुडाशी जरा निमुळती. आईने वाटी हातात घेतली, उलटी केली, बुडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही आपली नाही."

"अगं, तशीच तर आहे," मी म्हणालो.

"तशीच आहे. तीच नाही."

मी अठरा वर्षं जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहून पोट भरतो आहे. त्या अठरा वर्षांत मी जेवढे बग केले, त्यांतले निम्मे तरी या चार शब्दांत बसतात. फरक एवढाच की आई वाटी उलटी करून बघते आणि मी बघत नाही.

जावाचं पाळण्यातलं नाव 'ओक'. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग यांच्या खिडकीबाहेर ओकचं झाड होतं, त्यावरून ठेवलेलं. ते नाव दुसऱ्या कुणीतरी आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून 1995 मध्ये भाषा जावा म्हणून बाहेर आली. पण मला विचाराल तर ओकांची शिस्त तिच्यात राहिलीच. दोन वस्तू सारख्या आहेत का, एवढा साधा प्रश्न तुम्ही तिला विचारलात तर ती चष्मा सावरून तुम्हालाच विचारते, "म्हणजे नक्की काय विचारायचंय तुम्हाला?"

कारण तिच्याकडे दोन प्रश्न आहेत. दोन बरोबरची चिन्हं एकापुढे एक (==) लिहिली की अर्थ होतो 'तीच का?' म्हणजे वाटी उलटी करून नाव बघणं. आणि इक्वल्स नावाची मेथड बोलावली की अर्थ होतो 'तशीच का?' म्हणजे आकार, घडण, रेघ बघणं. तुम्ही स्वतःचा क्लास लिहिलात आणि त्यात इक्वल्स लिहिलीच नाही, तर जावा आईच्या बाजूने निकाल देते. तीच असेल तरच सारखी. बाकी सगळ्या परक्या.

वाट्यांच्या बाबतीत हे ठीक आहे. पण आकड्यांचं काय? पाच म्हणजे पाच. माझा पाच आणि तुमचा पाच यांच्या बुडाशी कुणी नावं कोरलेली नसतात. निदान मला तसं वाटत होतं. मग मी आमच्या सोसायटीचा हिशेब प्रोग्रॅमवर घेतला.

आमच्या सोसायटीत 84 फ्लॅट आहेत आणि साधारण तेवढीच मतं. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर आहे: "तुम्ही आयटीत आहात, तुम्हाला काय अवघड आहे!" या एका वाक्यावर माझा रविवार गेला. काम सोपं होतं. दर महिन्याला 84 पावत्या निघतात. एका यादीत पावती क्रमांक, दुसऱ्या यादीत बँकेतून आलेले क्रमांक. जुळले तर पैसे आले, नाही जुळले तर थकबाकी. थकबाकीदाराला व्हॉट्सॲपवर आपोआप नोटीस. मी दोन्ही याद्यांतले क्रमांक इंटिजर या क्लासमध्ये ठेवले, मध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकली, दहा पावत्यांवर चालवून पाहिलं आणि हात झटकले.

एप्रिलमध्ये 1 ते 84 पावत्या निघाल्या. सगळ्या जुळल्या. चेअरमन मला जिन्यात थांबवून "वा" म्हणाले. मे महिन्यात 85 ते 168 निघाल्या. त्यातल्या 127 पर्यंतच्या जुळल्या आणि 128 पासून पुढच्या 41 कुटुंबांना मध्यरात्री थकबाकीच्या नोटिसा गेल्या. त्यात 128 नंबरची पावती नेमकी अशा काकांची, जे एक तारखेला सकाळी सात वाजता पैसे भरतात आणि सव्वासातला ग्रुपवर तसं कळवतात. 127 नंबरच्या पावतीवाल्यांना मात्र आयुष्यात पहिल्यांदाच नोटीस आली नव्हती. ते मला भेटून म्हणाले, "सिस्टिम एकदम छान केली आहे तुम्ही."

झालं होतं असं. जावात आकडे दोन प्रकारचे. एक साधा, उघडा आकडा आणि दुसरा डब्यात घातलेला, म्हणजे इंटिजर. यादीत ठेवायचा तर डब्यातच घालावा लागतो. 2004 मध्ये आलेल्या जावा 5 पासून भाषा आकडा आपला आपण डब्यात घालते. आता लहान आकडे सारखेच लागतात, त्यासाठी दर वेळी नवा डबा कशाला, म्हणून -128 ते 127 या आकड्यांचे डबे तिने आधीच भरून फळीवर मांडून ठेवलेले असतात. तुम्ही 100 मागा, मी 100 मागतो, दोघांना तोच डबा मिळतो. 'तीच का?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर येतं आणि माझ्यासारख्याला वाटतं, आपला प्रोग्रॅम बरोबर आहे. 128 मागितला की भाषा नवा डबा काढते. तुम्हाला एक, मला एक. आत आकडा तोच, डबे वेगळे. 'तीच का?' 'नाही.' जावाच्या नियमपुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे चूक माझीच होती आणि ती 127 पावत्या दबा धरून बसली होती. पहिल्या पावतीलाच फुटली असती तर निदान अब्रू घरातल्या घरात गेली असती.

दोन चिन्हं काढून मी इक्वल्स घातली आणि 41 घरी जाऊन चहा पिऊन आलो.

इतक्यात माझा भाचा आला. तो नुकताच नोकरीला लागला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं. "मामा, बँकेचे नंबर मोठे असतात, इंटिजरमध्ये मावणार नाहीत. त्या बाजूला लाँग वापर." पटलं. बँकेच्या बाजूचे क्रमांक मी लाँगमध्ये ठेवले. जूनमध्ये एकही पावती जुळली नाही. 84 च्या 84 कुटुंबांना नोटिसा. सोसायटीत एवढी समता यापूर्वी कधीच नांदली नव्हती.

कारण इंटिजरची इक्वल्स समोरच्याची किंमत नंतर विचारते, आधी घराणं विचारते. "आपण कोण?" "मी लाँग. माझी किंमत 200." "हो का? आम्ही इंटिजर. आमचीही 200 च. पण जमायचं नाही." उघडे आकडे असते तर भाषेने निमूटपणे दोघांना एका मापात आणून जुळवून दिलं असतं. दोन डब्यांमध्ये दोन बरोबरची चिन्हं टाकली असती तर कंपायलर तरी ओरडला असता. इक्वल्सपुढे मात्र काहीही ठेवा, कंपायलर हूं की चूं करत नाही. इंटिजरला विचारा, "तू या टेबलफॅनसारखा आहेस का?" तो शांतपणे म्हणेल, "नाही."

इक्वल्स लिहिणाऱ्याला पाच अटी पाळाव्या लागतात. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या 2001 साली आलेल्या पुस्तकात त्या उदाहरणं देऊन समजावल्या आहेत, आणि मुलाखतीला आलेली मुलं त्या स्तोत्रासारख्या म्हणून दाखवतात. एक, प्रत्येक जण स्वतःसारखा असावा. दोन, मी तुझ्यासारखा तर तूही माझ्यासारखा. तीन, मी तुझ्यासारखा, तू त्याच्यासारखा, तर मी त्याच्यासारखा. चार, काही बदललं नसेल तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं उत्तर देऊ नये. पाच, समोर कुणीच नसेल तर सरळ 'नाही' म्हणावं, बेशुद्ध पडू नये. नात्यागोत्यात या पाचांपैकी दोन पाळल्या गेल्या तरी लग्न सुखरूप पार पडतं. जावाला पाचही लागतात. आणि एवढं करूनही सुटका नाही, कारण इक्वल्सच्या पाठोपाठ हॅशकोड येतो.

हॅशकोड समजून घ्यायचा तर काष्टौषधीच्या जुन्या दुकानात जावं. भिंतभर लाकडी खण. तुम्ही "ज्येष्ठमध" म्हणता. दुकानदार भिंतभर शोधत बसत नाही. त्याचा हात सरळ एका खणाकडे जातो. त्या खणात तीन-चार पुड्या असतात. मग तो त्यांच्यावरची नावं वाचतो आणि हवी ती काढून देतो. कोणता खण उघडायचा, हे सांगतो हॅशकोड. खणातली कोणती पुडी, हे ठरवते इक्वल्स. जावाचा हॅशमॅप सुरुवातीला असेच 16 खण घेऊन बसतो आणि आत 12 च्या वर वस्तू झाल्या की 32 खणांचं कपाट करतो.

यातून एकच नियम निघतो, पण तो मोडला तर दुकान बुडतं. ज्या दोन वस्तू सारख्या, त्यांचा हॅशकोड सारखाच हवा. उलटं नाही झालं तरी चालतं, एका खणात दोन वेगळ्या पुड्या राहू शकतात. राहाव्याच लागतात. हॅशकोड म्हणजे एक साधा पूर्णांक, त्याच्या शक्यता 4,29,49,67,296. लाँगचे आकडे त्याच्या किती तरी पट जास्त, म्हणून लाँग स्वतःच्या वरच्या अर्ध्या भागाची खालच्या अर्ध्याशी घडी घालतो. त्या घडीत 0 आणि -1 एकाच खणात येतात, 1 आणि -2 ही एकाच खणात. इंटिजरला ही कटकट नाही, त्याचा हॅशकोड म्हणजे तो स्वतःच. खरं आणि खोटं, म्हणजे बूलियन, यांचे हॅशकोड तर 1231 आणि 1237 आहेत. दोन्ही मूळ संख्या. खऱ्या-खोट्यात फक्त सहाचा फरक आहे, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आळशी माणसासाठी एक पळवाट आहे. प्रत्येक वस्तूचा हॅशकोड 42 द्यायचा. नियम मोडत नाही. सारख्यांचा सारखाच येतो, बाकीच्यांचाही तोच येतो. फक्त भिंतभर खण असूनही सगळ्या पुड्या एकाच खणात कोंबल्या जातात आणि दुकानदार दर गिऱ्हाइकाला ढीग उपसत बसतो. आमच्या घरी या पद्धतीला माळा म्हणतात.

आता पैशांकडे येतो. रकमेसाठी जावात बिगडेसिमल नावाचा क्लास आहे. अत्यंत काटेकोर, जुन्या बँकेतल्या हेडकॅशियरसारखा. आमच्याकडे मेंटेनन्सचे दर दोनच: 2500 आणि 3200. खजिनदारांना वेगवेगळ्या दरांची यादी हवी होती. मी सगळ्या रकमा हॅशसेटमध्ये टाकल्या, कारण हॅशसेट तीच गोष्ट दोनदा ठेवत नाही. यादी आली: 2500, 2500.0, 2500.00, 3200, 3200.00. खजिनदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाच दर? कोण कोण कमी भरतंय?"

कुणीच नाही. बिगडेसिमलच्या इक्वल्सला किमतीबरोबर दशांशचिन्हापुढची घरंही सारखी लागतात. हॅशकोडही त्याच शिस्तीचा: 2500 चा 77500, 2500.0 चा 775001 आणि 2500.00 चा 7750002. मी त्याच रकमा ट्रीसेटमध्ये टाकल्या. तिथे इक्वल्स नाही, कंपेअरटू चालते आणि ती फक्त लहान-मोठं बघते. यादी आली: दोन दर. म्हणजे त्याच भाषेत, त्याच क्लासबद्दल, एका कपाटाने सांगितलं पाच आणि दुसऱ्याने दोन. बिगडेसिमलच्या माहितीत ही गोष्ट कबूल केलेली आहे, 2.0 आणि 2.00 हे उदाहरण देऊन.

मी आठवडाभर या क्लासला शिव्या घातल्या. मग सोनाराकडे गेलो, बायकोच्या कानातल्याची तार बदलायला. त्याने काट्यावर कानातलं ठेवलं आणि म्हणाला, "दोन पूर्णांक शून्य शून्य शून्य." मी म्हणालो, "म्हणजे दोन." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला बिगडेसिमल समजला. दोन ग्रॅम कोथिंबीरवाला सांगतो आणि दोन पूर्णांक शून्य शून्य शून्य सोनार सांगतो, ते एक कसे? ती तीन शून्यं म्हणजे सोनाराने मिलिग्रॅमपर्यंत घेतलेली हमी. क्लासमध्येही त्यांचा परिणाम दिसतो. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा, या सांगीवर 2.0 ला 3 ने भागा, 0.7 येतं. 2.00 ला भागा, 0.67 येतं. दोन सारख्या गोष्टींना सारखंच वागवलं आणि उत्तरं वेगळी आली, तर त्या सारख्या नव्हत्याच. बिगडेसिमलचं म्हणणं चुकीचं नाही. माझा प्रश्न चुकीचा होता. मला दर हवे होते आणि मी हमी मोजत बसलो होतो.

डबल या क्लासची तऱ्हा तर न्यारीच. सोसायटीची एक विंग अजून रिकामी आहे. तिथे शून्य बिलं निघतात आणि शून्य वसुली होते. वसुलीचं प्रमाण काढायला मी शून्याला शून्याने भागलं आणि अहवालात उत्तर छापून आलं: नॅन. म्हणजे 'आकडा नव्हे'. चेअरमन म्हणाले, "हे नान कुणी मागवले?"

हा नॅन 1985 च्या आयट्रिपलई 754 या मानकातून येतो आणि तो दोन बरोबरच्या चिन्हांना स्वतःची ओळखही देत नाही. नॅन बरोबर नॅन? खोटं. जगातली ही एकच व्यक्ती अशी की आरशात बघून "आपण कोण?" विचारते. पण तोच नॅन डब्यात घालून इक्वल्सला विचारा, ती म्हणते, "हो, हे तेच." नाही म्हटलं असतं तर पहिली अट मोडली असती आणि खणात ठेवलेला नॅन पुन्हा शोधणं अवघड झालं असतं. शून्याचं नेमकं उलटं. डबलमध्ये शून्य आणि उणे शून्य असे दोघे आहेत. दोन बरोबरची चिन्हं म्हणतात ते सारखे. इक्वल्स म्हणते वेगळे. एकाचा हॅशकोड 0, दुसऱ्याचा -2147483648. माझी बुद्धी इथे थांबली होती, पण खजिनदारांना पटकन कळलं. "बरोबर आहे. येणे शून्य आणि देणे शून्य, दोन वेगळे रकाने असतात." एकाला शून्याने भागलं की एका बाजूला अनंत येणं निघतं, उणे शून्याने भागलं की अनंत देणं.

शेवटी मला स्वतःचा क्लास लिहायची वेळ आली. एक फ्लॅट दोन भावांच्या नावावर आहे, निम्मा-निम्मा. मतदानासाठी हिस्सा लिहून द्या म्हटल्यावर एका भावाने 1/2 लिहिलं आणि दुसऱ्याने, ते वकील आहेत, 50/100. मी अपूर्णांक नावाचा क्लास लिहिला. अंश आणि छेद. इक्वल्समध्ये तिरका गुणाकार केला: याचा अंश गुणिले त्याचा छेद. सुंदर चाललं. दोघे भाऊ निदान संगणकात तरी समान झाले. मग तो हिस्सा हॅशसेटमध्ये ठेवला आणि लगेच विचारलं, "1/2 आहे का?" उत्तर आलं, "नाही." आत्ता तर ठेवला! मी हॅशकोड लिहायला विसरलो होतो. अठरा वर्षं मुलाखतीत दुसऱ्यांना जो प्रश्न विचारून घाम फोडतो, तोच मी विसरलो होतो. हॅशकोड लिहिला नाही की भाषा प्रत्येक वस्तूला स्वतःच्या मनाने नंबर देते. दोन अर्धे दोन खणांपाशी जाऊन उभे राहिले, आणि एकाच खणात आल्याशिवाय इक्वल्सला कुणी विचारतच नाही.

अंश गुणिले 31 अधिक छेद, असा हॅशकोड लिहिला. 31 हा जावाचा लाडका आकडा, विषम आणि मूळ, आणि पाच घरं डावीकडे सरकवून एकदा वजा केलं की गुणाकार संपतो. पण आता 1/2 चा आला 33 आणि 50/100 चा 1650. वकील पुन्हा वेगळ्या खणात. तेव्हा शाळेतल्या गणिताच्या बाईंचा आवाज कानात आला: "अतिसंक्षिप्त रूप कुणी द्यायचं?" मसावि! जन्मताच अंश-छेदाला मसाविने भागायचं, उणे चिन्ह कायम अंशाला द्यायचं, शून्य असेल तर 0/1 लिहायचं. मग तिरका गुणाकार नको, हॅशकोडची चिंता नको. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ होती. त्यांनी पाऊण म्हणायच्या ऐवजी सहा अष्टमांश असं कधी म्हटलं नाही. एका किमतीचं एकच नाव ठेवलं की निम्मी भांडणं मिटतात, हे त्यांना जावाशिवाय कळलं होतं.

अर्थात हाही निर्णयच. अपाची कॉमन्स लँग या नावाजलेल्या संग्रहातला अपूर्णांकाचा क्लास 2/4 आणि 1/2 यांना सारखं मानत नाही, आणि तसं स्पष्ट लिहून ठेवतो. हल्ली इक्वल्स आणि हॅशकोड एडिटर लिहून देतो. 2021 मध्ये जावा 16 पासून रेकॉर्ड आले, ते तर न सांगताच लिहितात. पण एडिटरला मसावि माहीत नाही आणि वकीलही.

मग मला उदारपणा सुचला. 2/1 हा अपूर्णांक समोर इंटिजर 2 आला तरी "हो, आपण एकच" असं म्हणेल, अशी सोय केली. माझा अपूर्णांक इंटिजरला मिठी मारायला धावला. इंटिजरने विचारलं, "आपण कोण?" दुसरी अट मोडली. एकतर्फी प्रेम हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही. सोय काढून टाकली.

भाच्याने आणखी एक सल्ला दिला. "मामा, एवढं काटेकोर कशाला? उन्नीस-बीसचा फरक असेल तर सारखं म्हणून टाक." ऐकायला माणुसकीचं वाटतं. डबलच्या हिशेबात 0.1 अधिक 0.2 हे 0.30000000000000004 येतं, ते 0.3 मानायचा मोह कुणालाही होतो. पण इक्वल्समध्ये हे घातलं की तिसरी अट कोसळते. उन्नीस म्हणजे बीस, बीस म्हणजे इक्कीस, असं करत करत उन्नीस म्हणजे शंभर. आणि खण? शेजारी शेजारी एकाच खणात ठेवायचे म्हटल्यावर सगळी संख्यारेषाच एका खणात येते. पुन्हा माळा.

राहता राहिला ॲटॉमिकइंटिजर. हा मोजणीयंत्रासारखा आकडा, आतली किंमत सतत बदलते. हाही संख्यांच्याच कुळातला, पण त्याने इक्वल्स लिहिलीच नाही. दोन ॲटॉमिकइंटिजर, दोघांत शून्य, तरी ते सारखे नाहीत. मला आधी हा आखडूपणा वाटला. पण विचार करा, आत्ता शून्याच्या खणात ठेवलेली पुडी पाच मिनिटांनी सात झाली तर दुकानदार सातच्या खणात शोधणार आणि ती शून्याच्या खणात पडून राहणार. जो बदलत राहणार आहे, त्याने कशासारखं असण्याचं वचन देऊ नये.

सोसायटीचा प्रोग्रॅम आता नीट चालतो. 127 वाल्यांना दर महिन्याला नोटीस जाते आणि ते म्हणतात की सिस्टिम बिघडली आहे. आता दोन गोष्टींची तुलना लिहायला बसलो की आधी वहीत एक ओळ लिहितो: हे मला कशासाठी कळायला हवंय? सोनार होऊन कळायला हवंय की कोथिंबीरवाला होऊन?

त्या वाटीचंही पुढे झालं. महिन्याभराने काकूंना फ्रीजमागे आमची खरी वाटी सापडली. त्या ती घेऊन आल्या तेव्हा रिकामी वाटी द्यायची नाही म्हणून तिच्यात दोन रव्याचे लाडू होते. आईने लाडू काढून घेतले, वाटी उलटी केली, बुडाशी ठिपक्याठिपक्यांचं नाव होतं. काठाला मात्र एक पोचा आला होता.

"बघ," मी म्हणालो, "आता तीच आहे, पण तशी नाही."

आई म्हणाली, "लाडू खा."